परतीच्या वाऱ्याची परीक्षा

दिवाळी सरली, समुद्र निवळला आणि गेटवेपुढच्या पाण्यावर पांढऱ्या नौकांची वस्ती पुन्हा भरू लागली, की माझ्या परिचयातील कोणी ना कोणी गृहस्थ दोन छापील पत्रके बगलेत मारून माझ्याकडे येतात आणि चहा येण्यापूर्वीच ती मेजावर शेजारी शेजारी मांडून "यांतली कोणती घेऊ?" असा प्रश्न टाकतात. आयुष्याची बरीच वर्षे सागरी इंजिनांच्या तेलकट सहवासात काढल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर तयार असावे, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो, आणि उत्तर देण्याऐवजी मी जेव्हा उलट "परत किती वाजता निघणार?" असे विचारतो, तेव्हा म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय, अशी शंका त्यांच्या मुद्रेवर क्षणभर उमटून जाते.

मागच्या एका हंगामात आलेले स्नेही मांडव्यापासून दोन-अडीच कोसांवर घर बांधून बसले होते. पत्नी, दोन मुले, ऐंशीच्या घरातील मातुश्री आणि दर शनिवारी न चुकता सोबत येणारा एखादा पाहुणा, असा त्यांचा परिवार. आणि लाँचच्या वेळापत्रकाला कंटाळून त्यांनी स्वतःची नौका घेण्याचे मनाशी ठरवलेले. त्यांच्या दोन पत्रकांतील पहिली नौका नाळेपर्यंत मोकळी होती, म्हणजे पुढच्या टोकालाही बैठक, मध्ये काचेचा आडोसा आणि इंजिन मागच्या गादीखाली लपवलेले. दुसरीत पुढच्या बाजूला वाकून शिरावे लागेल एवढी छोटी कोठडी, तिच्यावर पक्के छत, आणि इंजिन उघडेच, मागच्या फळीला टांगलेले. दोन्हींची लांबी २४ फूट, दोन्हींत आठ माणसांची सोय, आणि किमतीतला फरक असा, की त्यापायी कोणी झोप घालवू नये. दिसायला मात्र पहिली फारच देखणी होती, हे मी येथेच कबूल करून टाकतो.

प्रथम त्या लांबीचाच निकाल लावू. पत्रकातली लांबी कोठून कोठपर्यंत मोजली आहे, हे पत्रक सांगतेच असे नाही. काही कारखानदार केवळ नौकेच्या अंगाची लांबी देतात, तर काही मागे पोहण्याउतरण्यासाठी जोडलेली पाटी आणि पुढे नांगरासाठी काढलेली चोचही हिशेबात धरून अंतर फुगवतात. त्यामुळे दोन "२४ फुटी" नौकांपैकी एकीचे पाण्यातले अंग दुसरीहून दोन फुटांनी आखूड असणे मुळीच अशक्य नाही, आणि नौकेच्या बाबतीत दोन फूट म्हणजे नाकातोंडात पाणी जाणे अथवा न जाणे यांतले अंतर असू शकते. वजनाचीही तीच कथा. एका पत्रकात वजन इंजिनासकट असते, दुसऱ्यात इंजिनावाचून. अडीचशे अश्वशक्तीचे टांगते इंजिन एकटेच सुमारे अडीचशे किलो भरते, तीनशे लिटर पेट्रोल आणखी सव्वादोनशे किलो, आणि माणसे, पाणी, नांगर, साखळी व जेवणाचे डबे यांचा तर कोणी विचारच केलेला नसतो. तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारावा, की अंगाची लांबी किती आणि भरल्या टाकीचे, इंजिनासकट, वजन किती. आमच्या स्नेह्यांनी तो विचारल्यावर कागदावर जुळ्या दिसणाऱ्या त्या दोघींतील पहिली २२ फुटांवर आली आणि दुसरी होती तेथेच राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गेटवे ते मांडवा हे अंतर सरळ रेषेत साडेसात-आठ सागरी मैलांचे. २० नॉटने गेले तर चोवीस-पंचवीस मिनिटांत संपावे असे. शनिवारी सकाळी सात वाजता निघणाऱ्या माणसाला हे पाणी एखाद्या तळ्यासारखे वाटते, कारण त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा हलकेच वाहत असतो आणि त्याला लाटा उठवण्यापुरते अंतरच मिळत नाही. परंतु दुपारी जमीन तापली, खारे वारे सुटले, आणि वायव्येकडून येणाऱ्या त्या झुळकेचे तीन-चार वाजेपर्यंत भरदार वाऱ्यात रूपांतर झाले, म्हणजे तेच पाणी आखूड, उभ्या आणि एकमेकींच्या पाठीवर चढणाऱ्या लाटांनी भरून जाते. त्यातच ओहोटीचे पाणी बंदरातून बाहेर लोटत असेल आणि वारा त्याच्या तोंडावर येत असेल, तर त्या लाटा आणखी उभ्या राहतात. गेटवे मांडव्याच्या उत्तरेस, किंचित पश्चिमेकडे झुकून आहे, हे नकाशात पाहिले म्हणजे माझ्या प्रश्नाचा उलगडा होईल: रविवारी दुपारी सोमवारच्या कचेरीच्या ओढीने परत निघालेल्या कुटुंबाला हा सारा वारा जवळजवळ थेट नाकावर घ्यावा लागतो. नौका विकली जाते ती सकाळच्या पाण्यावर, आणि वापरावी लागते ती दुपारच्या. दोन सारख्या नौकांतील खरा फरक त्या एका तासात दिसतो. बाकीच्या वेळी दोघीही चांगल्याच असतात.

तो फरक पाण्याखाली असतो. नौका जमिनीवर असताना तिच्या मागे जाऊन उभे राहा आणि मागच्या फळीपाशी तळ दोन्ही बाजूंना किती अंशांनी वर उचलला आहे, ते पाहा. तळ सपाट असेल तर हा कोन शून्य. पंधरा-सोळा अंशांपर्यंतचा तळ मध्यम, आणि वीसच्या पुढचा खोल समजावा. या खोल तळाची कीर्ती झाली ती १९६० सालच्या मायामी ते नासाऊ या शर्यतीत: रेमंड हंट या अमेरिकन रचनाकाराच्या कल्पनेवर बांधलेली, तळाचा कोन शेवटपर्यंत २४ अंश राखलेली 'मॉपी' नावाची नौका रिचर्ड बर्ट्रम यांनी खवळलेल्या समुद्रात पुढे काढली आणि जिंकून दाखवली, दुसरा क्रमांकही त्याच धर्तीच्या, पण तिच्याहून लहान नौकेने पटकावला. त्यानंतर जगातील जवळजवळ प्रत्येक कारखानदाराने या ना त्या प्रमाणात तो तळ उचलला. सपाट तळ लाटेवर थापटी मारल्यासारखा आदळतो, खोल तळ सुरीसारखा तिच्यात शिरतो, एवढेच त्यातले मर्म.

मात्र हा गुण फुकट मिळत नाही. खोल तळाच्या नौकेला पाण्यावर चढून धावण्यासाठी अधिक शक्ती लागते, पेट्रोलही अधिक लागते, आणि नांगर टाकून उभी असताना ती सपाट तळाच्या नौकेपेक्षा जास्त झुलते. अलिबागच्या समोर नांगर टाकून डबा उघडणाऱ्या मंडळींना ही गोष्ट चांगलीच जाणवते. दुसरा, आणि पत्रकात कधीच न छापला जाणारा मुद्दा असा, की नौका कमीत कमी कोणत्या वेगापर्यंत पाण्यावर चढलेली राहू शकते, हेही पाहावे लागते. समोरून लाटा आल्या की शहाणा चालक वेग उतरवतो. परंतु जी नौका १६ नॉटच्या खाली येताच धपकन पाण्यात बसते, तिच्या चालकापुढे दोनच वाटा उरतात, आदळत जाणे किंवा नाळ आभाळाकडे करून रांगणे. जी १२ नॉटपर्यंतही तोल सांभाळून धावते, तिला ही अडचण पडत नाही. आठ मैलांना पंचविसाऐवजी चाळीस मिनिटे लागतात, इतकेच. मागच्या फळीला खाली-वर होणाऱ्या पट्ट्या बसवल्या असतील, तर त्या या कामी येतात, आणि त्या नसतील तर बसवून मागाव्यात. आमच्या पहिल्या नौकेचा कोन १७ अंश होता, दुसरीचा २१. पण दुसरीला पट्ट्या होत्या आणि पहिलीला नव्हत्या, त्यामुळे नुसत्या अंशांवरून निवाडा करण्याची घाई मी केली नाही.

कोणती नौका मोठी यापेक्षा कोणत्या पाण्यात कोणती हा प्रश्न आपल्या या किनाऱ्याला काही नवा नव्हे. मांडव्याच्या दक्षिणेस, थळच्या समोर, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची 'रिव्हेंज' आणि तिच्या जोडीची अवजड तरांडी तेथे पहारा देत उभी होती; परंतु दौलतखानाच्या आरमारातील हलकी, उथळ पाण्यातही फिरणारी, वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारी गलबते त्यांच्या नाकाखालून बेटावर रसद पोचवत राहिली. आपल्या कुटुंबाला कोणाची रसद तोडायची नाही हे खरे. तरी धरमतरच्या खाडीत शिरण्याचा किंवा वाळूच्या किनाऱ्यालगत थांबण्याचा ज्यांचा बेत असेल, त्यांनी नौकेचे अंग पाण्यात किती बुडते, आणि पंखा किती वर उचलता येतो, हे अवश्य विचारावे.

येथवर आमचे बोलणे अंश, नॉट आणि किलो यांतच चालले होते. ते बंद पाडले स्नेह्यांच्या पत्नीने. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे, पण आई आत चढणार कुठून?" एवढ्या साध्या प्रश्नावर आम्ही दोघेही निरुत्तर झालो. "हो, वहिनी, ते पाहायलाच हवं," एवढे पुटपुटून मी पत्रक पुन्हा उघडले खरे, पण पत्रकात त्याचे उत्तर असण्याचा संभव नव्हता, कारण उत्तर गेटवेच्या पायऱ्यांवर होते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्याही पुढे जातो. म्हणजे भरतीला जी पायरी नौकेच्या कठड्याशी बरोबरीने लागली होती, ती ओहोटीला डोक्याच्या वर गेलेली असते आणि पाय ठेवायला उरते ती खालची शेवाळलेली, निसरडी पायरी. भांगाच्या दिवसांत हा फरक पुष्कळच कमी असतो. तेव्हा घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला उधाणाच्या ओहोटीला घेऊन जाऊन प्रत्यक्ष चढवून पाहावे, यासारखी दुसरी कसोटी नाही. येथे पहिल्या नौकेने बाजी मारली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिची नाळ मोकळी असल्यामुळे पुढूनही आत उतरता येत होते. दुसरीत मात्र कोठडीच्या बाजूने जेमतेम वीतभर रुंदीच्या पट्टीवरून, छताच्या कांबीला धरून, मागे जावे लागत होते, आणि ते काम आईंच्या गुडघ्यांना मानवणारे नव्हते. मागच्या फळीत एक छोटे दार होते, म्हणून निभावले.

त्याच ओघात वहिनींनी सावलीचाही विषय काढला. या जातीच्या पुष्कळ नौका थंड प्रदेशांतील गिऱ्हाइकांसाठी आखलेल्या असतात; तेथील मंडळी वर्षातून सापडलेले चार दिवस ऊन अंगावर घेण्यासाठीच पाण्यावर जातात, म्हणून कारखानदारही गाद्या अंथरून त्यांना उन्हात निजण्याची सोय करून देतो. आपल्याकडे चैत्रातल्या दुपारी त्या गादीवर निजणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. घडीचे कापडी छत पहिलीलाही होते, पण वेगात आणि वाऱ्यात ते मिटूनच ठेवावे लागते, म्हणजे ज्या वेळी सावली हवी नेमके त्या वेळी ती नसते. नाळेकडच्या त्या देखण्या बैठकीविषयीही एक सांगतो: लाटांतून जाताना नौकेचे पुढचे टोक सर्वांत जास्त उसळते, आणि तेथे बसलेल्या मुलाचा आदळून मणका दुखावण्याचे किंवा ते बाहेर फेकले जाण्याचे भय असते, म्हणून परतीच्या प्रवासात ती बैठक रिकामीच ठेवावी लागते. आठ माणसांच्या नौकेत मग पाचांचीच सोय उरते.

इंजिनाविषयी मी माझ्या धंद्याच्या सवयीने वाहवत जाण्याचा संभव आहे, तरी थोडे वाहवत जातो. पहिल्या नौकेतली पद्धत, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा पाय मागच्या फळीतून बाहेर, ही व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये 'ॲक्वामॅटिक' या नावाने बाजारात आणली. तिच्या जन्मदात्यांपैकी एक जिम विन, आणि मायामी-नासाऊ शर्यतीत 'मॉपी'च्या पाठोपाठ आलेली ती लहान नौका चालवणाराही हाच गृहस्थ. पद्धत सुबक आहे. वजन खाली राहते, मागे बसण्याउतरण्याची जागा मोकळी मिळते, आवाजही दबतो. गोड्या पाण्याच्या सरोवरात, किंवा जेथे नौका दर वेळी बाहेर काढून गाडीवर ठेवता येते तेथे, मी स्वतः तिचीच शिफारस करीन. परंतु आपल्याकडे नौका महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात नांगरावर राहते. तो पाय कितीही उचलला तरी पुरता पाण्याबाहेर येत नाही. त्याच्यावर कवचाच्या जिवांची वस्ती होते, जस्ताचे ठोकळे झिजतात, आणि फळीतून पाय जेथे बाहेर पडतो तेथील रबरी भाता फाटला, तर समुद्र थेट नौकेच्या पोटात शिरतो. हा भाता ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो, आणि तो बदलल्याची नोंद पाहिल्याशिवाय जुनी नौका घेणे म्हणजे गळक्या घराचा मक्ता घेणे होय.

आणि पोटातले पेट्रोल! पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून न जाता इंजिनाच्या कप्प्यात तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहत बसते. म्हणून आतल्या पेट्रोल इंजिनाला हवा काढणारा पंखा असतो, आणि किल्ली फिरवण्यापूर्वी निदान चार मिनिटे तो चालवावा असा दंडक आहे. पाळणारे चालक मी पाहिले आहेत; न पाळणारे अधिक पाहिले आहेत. टांगते इंजिन पुरते वर उचलून कोरडे ठेवता येते, त्याची पेट्रोलची वाफ मोकळ्या हवेत जाते, मिस्त्रीला त्याच्यापाशी उभे राहून काम करता येते, आणि कालांतराने ते उतरवून दुसरे चढवता येते. त्याची टाकी मात्र नौकेच्या आतच असते, हे विसरू नये; तेथल्या नळ्या व झडपा तपासाव्यात. आपल्या बंदरासाठी, नांगरावर राहणाऱ्या कौटुंबिक नौकेला टांगते इंजिन बरे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या एका मुद्द्यावर माझे मित्र माझ्याशी कितीही भांडले तरी ते मी सोडलेले नाही. डिझेल इंजिनाचा पर्याय ज्यांना मिळतो त्यांचा प्रश्न निराळा. या आकारात ते महाग आणि जड पडते.

खर्चाचा ढोबळ अदमास असा, की पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन दर शंभर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ३८ लिटर इंधन घेते. टाकीचे तीन हिस्से करावेत: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, आणि एक दैवासाठी. मोठी टाकी असणारी नौका त्यामुळे सोयीची. पण पेट्रोल कोठून, कोणाच्या हातून आणि कोणत्या भांड्यांतून नौकेपर्यंत पोचणार, याची तजवीज टाकीच्याही आधी करावी. देखभाल, नांगराची जागा, विमा, खलाशाचा पगार आणि पावसाळ्यातला मुक्काम मिळून दरसाल नौकेच्या किमतीचा दहावा हिस्सा बाजूला ठेवावा, हा बोटवाल्यांतला ठोकताळा. तो बहुधा कमीच पडतो.

युरोपीय नियमांनुसार बांधलेल्या नौकेवर एक लहानशी पाटी ठोकलेली असते, आणि तिच्याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष क्वचितच जाते. तीवर नौकेचा वर्ग दिलेला असतो. 'सी' वर्गाची नौका ब्यूफोर्ट मापनाच्या सहाव्या श्रेणीपर्यंतचा वारा आणि दोन मीटरांपर्यंतच्या लाटा यांसाठी, 'बी' वर्गाची आठव्या श्रेणीपर्यंतचा वारा आणि चार मीटरांपर्यंतच्या लाटा यांसाठी योग्य ठरवलेली असते. 'डी' वर्ग आडोशाच्या पाण्यापुरता, त्याचा येथे विचारच नको. माणसांची व वजनाची कमाल मर्यादाही तेथेच असते, आणि कित्येकदा एकाच नौकेला 'सी' वर्गात आठ माणसे व 'बी' वर्गात सहाच माणसे चालतील असे लिहिलेले आढळते. दुसऱ्या नौकेची पाटी नेमकी तशी होती. पहिलीची पाटी केवळ 'सी' वर्गाची. पत्रकातले "आठ" आणि पाटीवरचे "आठ" यांत असे अंतर असते.

आता चाचणीविषयी. ती गर्दीच्या पाण्यात घेऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचेवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली एक वेगवान बोट आदळून जो प्राणघातक अनर्थ झाला, तो याच बंदरात. मोकळे पाणी गाठावे, सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे, आणि इंजिन तत्काळ बंद पाडणारी तांबडी दोरी चालकाने स्वतःला अडकवलेली असावी. नौका रिकामी नेऊ नये, कारण रिकाम्या नौका सगळ्याच चपळ असतात. सहा माणसांऐवजी पाण्याचे कॅन भरून साडेचारशे किलो वजन चढवावे आणि टाकी निदान अर्धी भरलेली असावी. मग वारा नाकावर घेऊन १२, १६ आणि २० नॉटने प्रत्येकी पाच मिनिटे जावे. नंतर वारा तिरपा, मग आडवा, मग पाठीवर घ्यावा. पाठीवरच्या लाटांत सुकाणू हातात स्थिर राहते की नौका आपल्या मनाने वळू पाहते, हे तेव्हाच कळते. वेग घेताना नाळ किती उचलते आणि बसल्या जागेवरून पुढचे पाणी किती वेळ दिसेनासे होते, ते घड्याळ लावून पाहावे. क्षणभर पूर्ण वेग द्यावा आणि इंजिनाचे फेरे कारखानदाराने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पोचतात की नाही ते तपासावे. न पोचले तर पंखा चुकीचा आहे, तळ घाण झाला आहे किंवा इंजिन त्या अंगाला अपुरे आहे. शेवटी इंजिन बंद करून दहा मिनिटे नुसते झुलत राहावे, आणि घरच्यांचे चेहरे पाहावेत.

आम्ही दोन्ही नौका एकाच दिवशी, दुपारी साडेतीननंतर पाण्यावर घातल्या. पहिली सोळा नॉटपर्यंत सुरेख धावली, त्याखाली तिने धीर सोडला, आणि तिसऱ्या की चौथ्या लाटेला नाळेवरून आलेले पाणी पुढच्या बैठकीत घोटाभर साचून मग हळूहळू निथळले. विक्रेत्याचा माणूस "आज जरा वारा आहे" असे दोनदा म्हणाला. दुसरी आवाज अधिक करीत होती, झुललीही अधिक, आणि दिसण्यात तर ती मालवाहू पडावाची चुलत बहीणच. पण पट्ट्या खाली करताच १२ नॉटवरही ती चढलेली राहिली, काचेवर तुषार आले तेवढेच, आणि मागच्या बाकावर बसलेल्या वहिनींना पुढच्या माणसाशी ओरडावे न लागता बोलता आले. आईंना आम्ही अर्थातच चाचणीला नेले नव्हते. त्यांनी नंतर दोन्हींची छायाचित्रे पाहून पहिलीच पसंत केली होती, हेही नमूद करतो. घेतली दुसरी, आणि मागच्या दाराशी एक जादा पायरी व दोन धरकांबी बसवून घेतल्या.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस नाही, पण त्याच्यावाचून गतीही नाही. यांत्रिक नौकेला नोंदणी व तपासणीचा दाखला लागतो. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ याने घेतली आहे, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे दफ्तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. नौका परदेशातून आलेली असेल, तर जकात भरल्याचे मूळ दस्तऐवज पाहिल्याशिवाय विसाराचा एक रुपयाही देऊ नये. चाचणीच्या दिवशीच व्हीएचएफ संच चालू करून १६ व्या वाहिनीवर आवाज स्वच्छ येतो की नाही ते ऐकावे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक काचेजवळ चिकटवून टाकावा.

जुनी नौका घेणाऱ्यांना एक कालनिर्णय सुचवतो. ज्येष्ठ-आषाढात सगळ्या नौका जमिनीवर ओढलेल्या असतात. तळ उघडा असतो, विक्रेताही नरम असतो. त्या वेळी जाणकार सर्वेक्षकाकडून लाकडी हातोडीने तळ आणि मागची फळी ठोकवून घ्यावी. फायबरच्या आत पुष्कळदा लाकूड असते, आणि ते कुजले की ठणठणीत आवाज जाऊन बोदा आवाज येतो. इंजिनाचे तेल काढून पाहावे. ते ताकासारखे पांढरट झाले असेल, तर आत पाणी गेले आहे. तासमापकावर तास कमी दिसले म्हणून हुरळू नये, कारण चार वर्षे न चालता खाऱ्या हवेत पडून राहिलेले इंजिन रोज चाललेल्या इंजिनाहून वाईट असते. पण पावसाळ्यात पाण्यावरची चाचणी शक्य नाही, म्हणून करारनामा दोन टप्प्यांत करावा: तळ पसंत पडल्यावर विसार, आणि नारळी पौर्णिमा उलटून समुद्र खुला झाल्यावर, चाचणी पटली तरच बाकी रक्कम, न पटल्यास विसार विनातक्रार परत.

आमच्या स्नेह्यांची नौका नवी होती, तरी मी त्यांच्या मसुद्यात चाचणीचे एक कलम घातले होते: मांडव्याच्या धक्क्यावरून गेटवेकडे, दुपारी तीन वाजल्यानंतर, साडेचारशे किलो वजनासह. विक्रेत्याने ते कलम दोनदा वाचले, लेखणी हातात धरून बराच वेळ थांबला, आणि मग मोठ्या अदबीने विचारले, "साहेब, हेच सकाळी सात वाजता केलं तर नाही का चालणार?"